तिवराच्या पानावरचे मीठ आणि आमची करपलेली केळी

तापीतीर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नासाठी अलिबागला जाणे झाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान आम्हाला खाडीवर घेऊन गेले. ओहोटी होती. उघड्या पडलेल्या चिखलातून वीतभर उंचीची, पेन्सिलीसारखी शेकडो मुळे सरळ वर आलेली दिसत होती. ही मुळे तिवराची, असे सांगून यजमानांनी एक पान तोडून माझ्या हातात दिले आणि जिभेला लावून पाहायला सांगितले. पानावर उन्हात चमकणारे बारीक कण होते आणि त्यांची चव निखळ मिठाची होती. भरतीच्या खाऱ्या पाण्यात रोज उभे राहणारे ते झाड हिरवेगार होते, आणि मी मात्र घरच्या केळीची पाने कडेने करपताना पाहून तिकडे गेलो होतो. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही.

माझी शेती रावेर तालुक्यात आहे. विहिरीचे पाणी उतरत गेल्याने आठ वर्षांपूर्वी खोल बोअर घेतला. पाणी भरपूर लागले, परंतु ते मचूळ आहे. तपासणीत त्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, १.९ डेसिसायमन प्रति मीटर आली. पहिली तीन वर्षे केळी उत्तम आली. त्यानंतर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागल्या आणि घडाचे वजन दरवर्षी घटत गेले. पाऊस झाला की शेतात पाणी साचून राहते, आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात.

समुद्राच्या पाण्याची विद्युतवाहकता ५० च्या आसपास असते, म्हणजे माझ्या बोअरचे पाणी त्याच्या पंचविसाव्या हिश्शाइतकेच खारे आहे. तरीही माझी केळी हरते आणि तिवर वाढते, हे कसे घडते? एका विक्रेत्याने मला समुद्री वनस्पतींचा अर्क ठिबकमधून सोडायला सांगितला आहे आणि त्याने केळीला खारे पाणी पचू लागेल असा शब्दही दिला आहे. पैसे घालण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पांझराकाठ

तापीतीर भाऊ, मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

खारी जमीन रोपासमोर दोन निरनिराळी संकटे उभी करते. पहिले संकट तहानेचे आहे. पाण्यात मीठ विरघळले की ते पाणी मुळाला सहज सुटत नाही. समुद्राच्या पाण्यातून गोडे पाणी ओढून घ्यायला सुमारे २५ बार इतका ताण लावावा लागतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण पिकांसाठी जमिनीतील पाणी १५ बारपेक्षा अधिक ताणाने धरलेले असले, की पीक कायमचे सुकते असे कृषिशास्त्र धरून चालते. याचा अर्थ असा, की भरतीच्या पाण्यात कंबरभर बुडालेली केळी ही भर उन्हाळ्यात पूर्ण कोरड्या पडलेल्या वावरातल्या केळीपेक्षाही अधिक तहानलेली असेल. दुसरे संकट विषाचे आहे. सोडियम आणि क्लोराइड पेशीत साठत गेले की पोटॅशियमवर चालणारी विकरे, म्हणजे पेशीतील रासायनिक कामे करणारी प्रथिने, बंद पडू लागतात.

तहानेवर तिवर आणि कांदळ या खारफुटींचा उपाय सरळ परंतु कठीण आहे: पानातला रस समुद्राच्या पाण्यापेक्षाही अधिक संहत ठेवायचा, आणि मुळापासून पानापर्यंतचा पाण्याचा स्तंभ सतत प्रचंड ताणाखाली धरून ठेवायचा. पर श्होलांडर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये दाबपात्राच्या साहाय्याने हा ताण मोजून दाखवला, आणि खारफुटीत तो समुद्राच्या पाण्याच्या २५ बारच्याही पलीकडे जातो हे स्पष्ट झाले. इतका ताण सहन करताना नलिकांमध्ये हवेचे बुडबुडे शिरून प्रवाह तुटू नये म्हणून या झाडांच्या जलवाहिन्या अरुंद असतात. अरुंद वाहिनीतून पाणी कमी वाहते, म्हणून झाड सावकाश वाढते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो केळीच्या संदर्भात लागणार आहे.

विषावरचा पहिला उपाय मुळाच्या दारातच होतो. मुळाच्या सालीत मेणासारख्या सुबेरिन या द्रव्याचे थर असतात. त्यांच्यामुळे पाण्याला पेशींच्या फटींतून थेट आत घुसता येत नाही, त्याला पेशीपटलातून गाळूनच जावे लागते. कांदळाच्या खोडातून वर चढणाऱ्या रसात समुद्राच्या पाण्याच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतके मीठ सापडते, तिवराच्या रसात सुमारे दहाव्या हिश्शाइतके. श्होलांडरने मुळांना थंडी आणि विषारी रसायने देऊनही ही गाळण चालू राहिल्याचे पाहिले, त्यावरून ती मुख्यतः भौतिक गाळणी आहे असा निष्कर्ष त्याने काढला.

जे दहा टक्के मीठ तिवराच्या आत शिरते, ते तुम्ही जिभेवर घेतलेत. तिवर, काजळा आणि मारांडी यांच्या पानांवर सूक्ष्म क्षारग्रंथी असतात. त्या रसातील मीठ ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात, पाणी वाळते आणि कण मागे राहतात. कांदळाच्या पानावर अशा ग्रंथी नसतात. त्याची गाळणी इतकी कडक आहे की त्याला त्यांची गरज कमी पडते.

आता ज्या गोष्टीचे मला स्वतःला विद्यार्थिदशेपासून सर्वाधिक आश्चर्य वाटत आले आहे, ती सांगते. खारट जमिनीत आनंदाने वाढणाऱ्या वनस्पतींची विकरे काढून परीक्षानळीत मिठाच्या पाण्यात घातली, तर ती वाटाण्याच्या किंवा घेवड्याच्या विकरांइतकीच लवकर निकामी होतात. म्हणजे या झाडांचा जीवरस मिठाला मुळीच सरावलेला नाही. त्यांनी फक्त मीठ जीवरसापासून दूर ठेवण्याची सोय केलेली आहे. पूर्ण वाढलेल्या पेशीचा बहुतेक भाग रिक्तिका नावाच्या पाण्याच्या पिशवीने व्यापलेला असतो. या पिशवीच्या पटलावरील प्रथिने सोडियम आत ढकलतात आणि तेथेच कोंडतात. पिशवीत मीठ वाढल्यावर बाहेरच्या जीवरसातील पाणी ओढले जाऊ नये, म्हणून जीवरसात निरुपद्रवी द्रव्ये साठवली जातात. तिवरात ते काम ग्लायसीन बीटेन करते, इतर काही खारफुटींत मॅनिटॉल. किनाऱ्यावर भाजी म्हणून खाल्ली जाणारी मोरस जाडसर आणि रसाळ असते, त्याचे कारण हेच आहे. तिची पाने म्हणजे मिठाच्या पाण्याने भरलेल्या पिशव्यांचा साठा आहे.

हे सर्व फुकट होत नाही. मीठ ढकलायला, द्रव्ये तयार करायला आणि ग्रंथी चालवायला लागणारी ऊर्जा वाढीतून वजा होते. वर्षभरात पंचवीस-तीस किलोचा घड देणाऱ्या केळीची रचना भरपूर पाणी वेगाने वाहून नेण्यासाठी झालेली आहे, आणि तिवराची रचना थोडे पाणी काटकसरीने गाळून घेण्यासाठी. दोन्ही गुण एकाच झाडात मागता येत नाहीत. त्या अर्कामुळे इतर काही लाभ होत असेलही, परंतु मुळाच्या सालीची बांधणी आणि पानावरच्या ग्रंथी बाटलीतून ओतता येत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगते.

तापीतीर

ताई, मनापासून आभार. एक शंका मात्र राहिली. कांदळाचे मूळ जर शंभरातले नव्व्याण्णव भाग मीठ बाहेरच ठेवत असेल, तर ते मीठ जाते कोठे? झाड रोज पाणी ओढणार आणि मीठ मुळाशी सोडणार, म्हणजे काही महिन्यांत मुळांभोवती मिठागर तयार व्हायला हवे.

पांझराकाठ

भाऊ, तुमची शंका अगदी मर्मावरची आहे आणि शास्त्रज्ञांनाही ती पडली होती. मीठ खरोखर साठते, आणि ते धुतले गेले नाही तर खारफुटीची वाढ खुंटते. किनाऱ्यावर ते धुण्याचे काम भरतीचे पाणी करते. खेकड्यांची बिळे त्यात मोठा वाटा उचलतात: भरतीचे पाणी बिळांतून खोलवर शिरते, मातीतले मीठ त्यात उतरते आणि ओहोटीबरोबर बाहेर जाते. जेथे भरती क्वचितच पोहोचते, त्या वरच्या सपाट भागात जमीन समुद्रापेक्षाही खारट होते आणि तेथे झाडे खुजी राहतात किंवा जमीन उघडी पडते. म्हणजे तिवराचे यश एकट्या तिवराचे नाही. दिवसातून दोनदा निचरा करून देणारा समुद्रही त्याच्या बाजूने उभा असतो.

काळीमाती

पांझराकाठ ताईंचा हा शेवटचा मुद्दा मला पुढे न्यायचा आहे, कारण मी माती परीक्षणाच्या कामात बराच काळ घालवला आहे आणि रावेर, यावल, चोपडा भागातील पुष्कळ नमुने हाताखालून गेले आहेत.

तापीतीर दादा, आधी साधा हिशेब करा. १.९ विद्युतवाहकतेच्या पाण्यात दर लिटरला साधारण १.२ ग्रॅम क्षार असतात. एका एकरावर १,००० मिलिमीटर पाणी दिले, म्हणजे सुमारे ४० लाख लिटर झाले. त्याबरोबर पावणेपाच टनांहून अधिक क्षार तुमच्या एका एकरात आले. केळीला वर्षभरात याहून अधिक पाणी लागते. पीक पाणी उचलते आणि क्षार जवळजवळ सगळे मागे ठेवते. अलिबागला ते ओहोटीबरोबर जातात. तुमच्याकडे ते कोठून जाणार?

आता पाणी साचणे आणि दगडासारखी ढेकळे, या तुमच्या वर्णनावरून मला जमीन नुसती खारवट झालेली नाही, ती चोपण होत आहे अशी शंका येते. हा भेद फार महत्त्वाचा आहे. संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले, सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल, तर जमीन क्षारयुक्त. विद्युतवाहकता ४ च्या खाली, पण सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल, तर ती चोपण. खाडीच्या चिखलात सोडियम प्रचंड असते, परंतु विरघळलेले एकूण क्षारही इतके असतात की चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. आपल्या काळ्या मातीत सोडियम कणांना चिकटते आणि वरून पावसाचे गोडे पाणी पडले की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, पाणी आणि हवा दोन्हींची वाट बंद होते. म्हणूनच चोपण जमीन नुसत्या गोड्या पाण्याने धुणे घातक ठरते. आधी जिप्सम घालून कणांवरील सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवावे लागते आणि सुटलेले सोडियम बाहेर जायला चर लागतात.

संपूर्ण तपासणी करून घ्या आणि आकडे येथे द्या.

पूर्णाकाठ

मी मुक्ताईनगर तालुक्यातला. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, आणि ती ज्या खोऱ्यातून येते त्या अकोला, अमरावती, बुलडाणा भागाला खारपाणपट्टा म्हणतात, हे सर्वांना ठाऊक असेल. माझे आजोळ त्या पट्ट्यात आहे. तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचे खारे पाणी शेताला दिले नाही. पावसाच्या भरवशावर कापूस, ज्वारी आणि हरभरा घेतला. आम्हाला लहानपणी तो मागासलेपणा वाटे. वरची चर्चा वाचताना जाणवले, की त्या जमिनीत खारे पाणी ओतले तर काय होईल हे त्यांना नेमके माहीत होते.

एक व्यवहारातली गोष्ट तापीतीर भाऊंसाठी. ठिबकखाली जो ओला गोल तयार होतो, त्याच्या कडेला क्षार जाऊन बसतात. मृगाचा पहिला हलका पाऊस पडला की ते विरघळून पुन्हा मुळांकडे येतात. त्यामुळे पाऊस आला म्हणून ठिबक लगेच बंद करू नये. जमीन चांगली भिजेपर्यंत चालू ठेवावे. मी हे न कळल्यामुळे एका वर्षी नव्या लागवडीची बरीच रोपे गमावली आहेत.

शिरपूरचा कापूसवाला

सर्वांनी किनाऱ्याच्या झाडांचे नवल केले, म्हणून एक सांगावेसे वाटते. आपण खानदेशात जो अमेरिकन कापूस लावतो, त्याचे रानटी पूर्वज मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात वाढणारी झुडपे आहेत. कापूस एकदा रुजला की ७.७ विद्युतवाहकतेपर्यंत जमिनीचा खारटपणा उत्पन्न न घटता सोसतो, असे १९७७ साली मास आणि हॉफमन यांनी प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात आहे. त्याच तक्त्यात मक्याचा आकडा १.७ आहे आणि कांद्याचा १.२. पूर्णाकाठ यांच्या आजोळच्या मंडळींनी कापूस आणि ज्वारी का निवडली, त्याचे उत्तर अशा आकड्यांत मिळते, कारण नंतरच्या तक्त्यांत ज्वारीचा आकडाही ६.८ आहे. मात्र कापसाचे बी उगवताना नाजूक असते, तेव्हा पेरणीच्या वेळी वरचा थर गोडा हवा.

पांझराकाठ

कापूसवाला दादांनी चांगली आठवण करून दिली. क्षारग्रंथी पाहायला अलिबागला जाण्याचीही गरज नाही. आपल्या बांधावरच्या हरळीच्या पानांवर दोन पेशींच्या सूक्ष्म क्षारग्रंथी असतात. खारवट पडीक रानात उगवणारी रुदंतीही पानांवाटे खारे पाणी बाहेर टाकते. पानांवर सदैव थेंब दिसतात, म्हणून तिला रडणारी हे नाव पडले असावे. ज्या वावरात इतर तण मागे हटून हरळी आणि रुदंती पुढे सरकतात, त्या वावराची तपासणी त्याच वर्षी करून घ्यावी, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले.

तापीतीर

अहवाल आला. सामू ८.८, संपृक्त अर्काची विद्युतवाहकता २.६, विनिमययोग्य सोडियम १८ टक्के. काळीमाती दादांची शंका खरी ठरली. आणि ताई, पश्चिमेकडच्या दोन एकरांत गेली चार वर्षे मी हरळीशी झगडत आहे. ती तणनाशकाला दाद देत नाही म्हणून चिडत होतो. अहवालात सर्वाधिक सोडियम त्याच भागात निघाले.

काळीमाती

मग तुमच्या केळीचे कोडे बरेचसे सुटले. पानांच्या कडा सोडियम आणि क्लोराइडमुळे करपत आहेत, परंतु ते इतक्या प्रमाणात वर चढण्यामागे मुळांची घुसमट आहे. सर्वसाधारण पिकांची मुळे आत शिरलेले सोडियम पुन्हा बाहेर ढकलत असतात आणि त्या कामाला प्राणवायू लागतो. पाणी साचून हवा संपली की ते काम थंडावते आणि तेवढ्याच खारट पाण्यातून कितीतरी अधिक सोडियम पानांपर्यंत पोहोचते. खारटपणा आणि पाणथळपणा एकत्र आले की होणारे नुकसान दोन्हींच्या बेरजेपेक्षा मोठे असते. तुम्ही खाडीवर पाहिलेली पेन्सिलीसारखी मुळे नेमके हेच संकट टाळतात: ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरील छिद्रांतून हवा चिखलाखालच्या मुळांपर्यंत जाते. तिवराच्या पानावरच्या मिठाकडे तुमचे लक्ष गेले ते स्वाभाविकच आहे, पण केळीसाठी घेण्यासारखी गोष्ट त्या झाडाच्या पायाशी होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी निचरा: शेताच्या उतारावर चर काढून ते नाल्याला जोडा, कारण चराविना जिप्सम घातले तर सुटलेले सोडियम तेथेच फिरत राहील. मग अहवालातील गरजेनुसार जिप्सम वरच्या थरात मिसळा, ते पावसाळ्यापूर्वी. धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडा. पालाशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरत असाल तर थांबवा. त्यात जवळजवळ निम्मे क्लोराइड असते आणि केळीला पालाश भरपूर लागत असल्याने तुम्ही स्वतःच क्लोराइड वाढवत आहात. त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडले तरी घ्या.

खाजणवारा

मी मूळचा अमळनेरचा, नोकरीमुळे बरीच वर्षे रायगड जिल्ह्यात आहे. येथील खार जमिनीतले भातशेतकरीही तिवरासारखे भात शोधून थांबलेले नाहीत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ हे क्षार सोसणारे वाण दिले आहेत, आणि तरीही शेतकरी आधी बांध घालून समुद्राचे पाणी अडवतात, जूनच्या पावसाने शेत धुऊन काढतात आणि मगच लावणी करतात. येथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ते काम करून देतो. आपल्याकडे सहाशे-सातशे मिलिमीटरवर तेवढी धुलाई होत नाही, म्हणून चर आणि जिप्सम यांचा खर्च टळत नाही. गोड्या पाण्याचे शेततळे करून बोअरच्या पाण्यात मिसळता आले तर जमिनीत येणारे क्षारच कमी होतील.

तापीतीर

अर्क घेणार नाही, असे विक्रेत्याला काल कळवले. पश्चिमेकडच्या दोन एकरांत या वर्षी केळी लावत नाही. तेथे एप्रिलमध्ये चर खणून नाल्याला जोडणार, मे महिन्यात जिप्सम मिसळणार, जूनमध्ये धैंचा पेरणार आणि पुढच्या हंगामात कापूस घेणार. उरलेल्या आठ एकरांत पालाश बदलतो आणि मृगाच्या पावसात ठिबक बंद करत नाही. पश्चिमेकडच्या चरातून पहिल्या मोठ्या पावसात जे पाणी बाहेर पडेल, ते बाटलीत भरून तपासणीला देईन आणि आकडा येथे लिहीन.